दुपारची इफ्तार

आमच्या घरात त्या वर्षी संध्याकाळ दुपारी एक वाजता व्हायची. आजही हे मी कुणाला सांगितलं, की समोरचं माणूस आधी हसतं, मग माझ्या तोंडाकडे बघतं आणि हसायचं थांबतं. खिडक्या बंद, दिवा लावलेला, कढईत कांदाभजी, चटईवर जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं, ताटलीत खजूर, आणि आम्ही दोघी, अम्मी आणि मी, गुडघे दुमडून अजानची वाट बघत बसलेल्या. बाहेर नाशिकचं लख्ख ऊन पडलेलं असायचं.

भद्रकालीच्या पलीकडच्या एका बोळात पत्र्याच्या पेट्या करणाऱ्यांची दुकानं होती. खाली अब्बांचं दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. सकाळी दुकानं उघडली की हातोड्यांचा जो आवाज सुरू व्हायचा, तो फक्त अजान झाली की थांबायचा. त्या ठोकाठोकीतच मी अभ्यास केला आणि त्यातच दुपारची झोप काढली. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा तिथल्या शांततेनं माझं डोकं दुखायचं. रंगवायला काढलेल्या पेट्यांचा वास जिन्यानं वर यायचा आणि अम्मीच्या भाताच्या वासात मिसळायचा. अम्मी घोटीकडची, भाताच्या मुलखातली. ती मराठीच बोलायची, तेही गावाकडचं, आणि गल्लीतल्या बायका तिची थट्टा करायच्या, "ये तो पूरी गाववाली है." अम्मी ऐकून घेणारी नव्हती. "गाववाली हाय म्हनून तर बिनखड्याचा भात खाता माज्याकडं," असं म्हणून ती त्यांच्याच ताटात आणखी एक डाव वाढायची. मी तिचं शेंडेफळ. बहिणी लग्न होऊन लांब गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच होतो.

तिच्या दुखण्याची सुरुवातही त्या भातापासूनच झाली. ती तांदूळ निवडायला बसायची आणि निवडलेलंच सूप पुन्हा पुढे ओढायची. एकही खडा नसलेले तांदूळ ती तासन्‌तास बोटांनी चाळत राहायची. मला वाटलं, हिला कसला तरी घोर लागलाय. मग ती गल्लीतून घरी येताना शेजारच्या जिन्यानं चढायला लागली, माझ्या थोरल्या बहिणीच्या नावानं मला हाका मारायला लागली. अब्बा म्हणायचे, "थकलीय बेटा, दुसरं काही नाही." आम्ही दोघंही एकमेकांना हेच सांगत राहिलो, कारण दुसरं काही सांगायची आमची तयारी नव्हती.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी मी तिच्यापुढे चहा धरला, तर तिनं कप मागे सारला.

"रोजा हाय माजा."

"अम्मी, रमजानला अजून किती अवकाश आहे."

"तुला ठावं नसंल. मला ठावं हाय."

मी हसले, तीही हसली. दुपारी तिनं पाणी घेतलं नाही, तेव्हा माझं हसू गेलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही. अब्बांनी कॅलेंडर काढून दाखवलं, तिनं ते उलटं धरून बाजूला ठेवलं. आजारी माणसाला रोजा माफ असतो, असं सांगितलं, तर ती उसळली. "बीमार असंल तुमचा बाप. मला काय धाड भरलीय?" संध्याकाळी खरी मगरिबची अजान झाल्यावर तरी जेवेल, अशी आशा होती. पण दिवस कलला की ती वेगळीच बाई व्हायची. घाबरीघुबरी होऊन दाराशी उभी राहायची, मला घोटीला सोडा म्हणायची, ताटाला पाय मारायची. दोन घोट पाण्यापलीकडे काही पोटात जात नसे. अवघ्या काही दिवसांत तिची जीभ कोरडी पडली, हातावरचं कातडं चिमटीत धरलं तर तसंच उभं राहायला लागलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, ते तिनं उपटून टाकलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याला त्या आजाराचं आज आपल्याला माहीत असलेलं नाव ठाऊक नसावं, किंवा असेलही, आम्हाला सांगून काय उपयोग असं वाटलं असेल. तो म्हणाला, "मेंदू वाळत चाललाय, त्याला माझ्याकडे औषध नाही. पण त्याच्याआधी हिला तहान नेईल. कसंही करून दिवसा पाणी पाजा."

कसंही करून म्हणजे कसं, हे त्यानं सांगितलं नाही. आम्हाला सापडलं ते आभाळानं दाखवलं म्हणून. एका दुपारी अवकाळी ढग आले. द्राक्षबागवाल्यांच्या तोंडचं पाणी पळवणारं ते आभाळ, इतकं दाटलं, की मी खोलीत दिवा लावला. तेवढ्यात दुपारच्या नमाजाची, जोहरची अजान झाली. खालची ठोकाठोक थांबली. अम्मी ताडकन उठून बसली आणि म्हणाली, "शबू, खजूर कुटंय?" मी धावत जाऊन खजूर आणले. ती तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली, तिनं डाळ-भात खाल्ला, गोळी घेतली, आणि वर मलाच रागावली, की इफ्तारीला भजी का केली नाहीत. मी मोरीत जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले.

रात्री मी अब्बांना सांगितलं. अब्बा पाच वेळा नमाज पढणारे, मापात वीतभर खोटेपणा न करणारे गृहस्थ. त्यांना ही फसवणूक पटेल असं मला वाटत नव्हतं. सकाळी ते खिडकीचं माप घेऊन खाली गेले आणि पेटीचा एक पत्रा कापून, काळा रंग देऊन वर आले. तो खिडकीच्या चौकटीत असा चपखल बसला, की उन्हाचा एक धागा आत येईना. हात पुसत ते म्हणाले, "अजान तर खरीच आहे. आपण फक्त ऊन बाहेर ठेवलंय." एवढं बोलून ते दुकानात गेले आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

तेव्हापासून रोज दुपारी आमची संध्याकाळ व्हायची. बारा वाजले की मी पत्रा चढवायची, दाराला घोंगडी टांगायची, दिवा लावायची, आणि कढई ठेवायची. गल्लीत दुपारी भज्यांचा वास सुटायचा आणि बायका विचारायच्या, "क्या बात है, रोज पाहुणे?" मी ताकास तूर लागू दिली नाही. माझं कॉलेज त्या वर्षी सुटलं, ते मी कुणाला नीट सांगितलंही नाही. अंधारात अम्मी शहाण्यासारखी बसायची. डोक्यावरून पदर घेऊन, हात पसरून, ओठांनी दुआ पुटपुटत. तिला बाहेरचं सगळं विसरायला झालं होतं, पण दुआचा एक शब्द चुकत नव्हता. अजान झाली की ती पहिला खजूर उचलायची आणि तो माझ्या तोंडात घालायची. मी पहिला रोजा धरला तेव्हापासूनची ही तिची रीत. धाकट्याच्या तोंडात घास गेल्याशिवाय ती स्वतः रोजा सोडत नसे. मग पाणी, भजी, भात. आणि पोट भरलं की घडी-दोन घडी माझी जुनी अम्मी परत यायची. घोटीच्या शेतांत गुडघाभर चिखलात केलेली लावणी, भाताच्या गिरणीत कोंड्यानं पांढरा झालेला तिचा भाऊ, अब्बा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला लागलेला काळा रंग. "म्या म्हनलं, ह्यो मानूस हाय का पेटी?" असं म्हणून ती हसायची, आणि मीही.

खरं सांगायचं तर मला त्या दुपारच्या अंधाराची चटक लागली. तिथे मला माझी आई मिळायची. पत्रा काढला की ऊन आत यायचं आणि तिच्या डोळ्यांतली ओळख पुसून जायची. त्या ऊन-सावलीनं माझ्याही डोक्याचं काही तरी बिघडलं असावं. खाली भाजी आणायला गेले, की भर उन्हात मला वाटायचं, आत्ता तर रात्र झाली होती. आजही माझ्या घरात दिवसा पडदे ओढलेले मला चालत नाहीत. सुनेला उन्हाचा त्रास होतो, ती पडदा सरकवते, मी उठून पुन्हा उघडते. तिला वाटतं सासू हट्टी आहे. आहेच मी.

उन्हाळ्यात खरा रमजान आला. त्या वर्षीचं ऊन असं होतं, की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. घोट घोट पाण्यासाठी जीव कासावीस करणारे ते रोजे. अब्बांनी धरले, मीही धरले. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा पत्रा चढवला, भजी तळली, अम्मीपुढे सगळं मांडलं आणि जरा बाजूला सरकून बसले. जोहरची अजान झाली. अम्मीनं खजूर उचलला आणि माझ्या तोंडापुढे धरला.

"अम्मी, तू घे आधी."

"घे म्हनते ना."

"मी मागाहून घेते."

तिनं हात खाली घेतला. खजूर ताटलीत ठेवला आणि पाण्याचा पेला दूर सारला. मी समजावलं, लाडीगोडी लावली, खोटं खोटं चावून दाखवलं. काही उपयोग झाला नाही. "लेकरू उपाशी बसलंय आन्‌ म्या खाऊ?" एवढंच ती म्हणत राहिली. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. पेल्यातलं पाणी आमच्या दोघींच्या मध्ये होतं आणि तहान दोघींनाही लागली होती. माझी मी धरली होती, तिची आजारानं तिच्यावर लादली होती. मी तोंड पुढे केलं. तिनं खजूर माझ्या जिभेवर ठेवला, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि मग पेला तोंडाला लावला.

मी कुणाला विचारलं नाही. कुणी जाणत्यानं मला मोकळीक दिलीही असती, पण विचारायचं म्हणजे अम्मीची अवस्था घराबाहेर काढायची, आणि ते माझ्यानं झालं नसतं. अब्बांना मात्र कळलं होतं. संध्याकाळी खऱ्या इफ्तारीला त्यांनी माझ्याकडे न बघता खजुराची ताटली माझ्यापुढे सरकवली. रोज दुपारी मी रोजा मोडायची आणि रोज पहाटे पुन्हा धरायची. तुम्ही म्हणाल, मोडायचाच होता तर धरायचा कशाला. मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आता एवढंच वाटतं, की दुपारपर्यंतचा तरी रोजा माझा असावा, असं मला वाटत होतं.

मग एका दुपारी अशीच अजान होऊन गेली होती. अम्मीनं माझ्या तोंडात खजूर घातला होता आणि स्वतः भज्याचा तुकडा तोडत होती. शेजारच्या जुबेदाखाला, म्हणजे जुबेदामावशी, मुलांना कुराण शिकवणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, वर आल्या. मागच्या आठवड्यापासून अम्मी दिसली नाही म्हणून त्या विचारपूस करायला आल्या होत्या. दाराला कडी नव्हती, नुसती घोंगडी होती. त्यांनी "शबू बेटी, अंधेरा क्यूं?" असं म्हणत ती बाजूला केली आणि जिन्यावरचं ऊन सरळ दस्तरखानावर येऊन पडलं.

खालांनी माझं हलणारं तोंड बघितलं. मी घास गिळू की थुंकू या विचारात तशीच थांबले. पण मला खालांची भीती वाटायला वेळच मिळाला नाही. अम्मी उन्हाकडे बघत होती. तिनं हातातलं भजं बघितलं, मग ऊन, मग पुन्हा भजं. इतक्या महिन्यांत तिला कशाचाच कशाशी मेळ लागत नव्हता, आणि नेमका त्या क्षणी लागला.

"दिस हाय की अजून," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "शबू, दिस हाय. तू मला दिसा खाऊ घातलंस?"

"अम्मी, तुझ्या भल्यासाठी…"

"रोज घालत हुतीस?"

तिनं तोंडात बोट घालून घास बाहेर काढला, पदरानं जीभ पुसली, पुन्हा पुन्हा पुसली. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो झटकला आणि खालांच्या पायाशी सरकून बसली. "हिला बाहेर काढा," ती खालांना म्हणाली, "ही माजी पोर न्हाय." खालांनी घोंगडी सोडून दिली. अंधार झाला, पण आता त्या अंधाराचा काही उपयोग नव्हता. त्या खाली बसल्या, अम्मीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा बेटी, मुँह धो ले. पानी पी के आ." त्यांना सगळं समजलं होतं, मी न सांगता. पुढे एकदाच त्या मला म्हणाल्या, रमजान झाल्यावर सुटलेले रोजे भरून काढ, बस्स. मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या उपदेशांत तो सर्वांत छोटा होता.

संध्याकाळपर्यंत अम्मी सगळं विसरली. भजी, ऊन, खालांची मांडी, काहीच तिच्या लक्षात राहिलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तिच्यापुढे सरबताचा पेला धरला. तिनं ओठ घट्ट मिटून मान फिरवली. अब्बांनी तोच पेला माझ्या हातातून घेऊन तिच्या ओठांना लावला, तर ती प्यायली. मला वाटलं, उद्या ठीक होईल. दुसऱ्या दिवशी अब्बांनी दुकान अर्ध्यावर टाकून दुपारची इफ्तार केली आणि खजूर त्यांनी खाल्ला. ती त्यांच्याबरोबर जेवली. मी वाटी पुढे केली की मात्र तिचे ओठ मिटायचे. "का गं अम्मी?" मी विचारलं. तिलाही ठाऊक नव्हतं. ती माझ्या हाताकडे संशयानं बघायची आणि म्हणायची, "तुज्या हातचं नगं. का ते न्हाय सांगता येत. पन नगं."

आता आमच्याकडे महिन्यातून एकदा अशा आजाऱ्यांची देखभाल करणारी माणसं एका शाळेच्या वर्गात जमतात. मी जाते. पोरी येतात, सुना येतात, निवृत्त झालेले नवरे येतात, आणि लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसतात. एकीनं मागे विचारलं, बाबांना खोटं सांगितलं तर चालतं का, ते तर पाच मिनिटांत विसरतात. तिथल्या डॉक्टरीणबाई नीट समजावून सांगतात, की प्रसंग पुसला जातो, पण त्यानं उठलेली भीती किंवा माया मागे राहते. म्हणून वाद घालू नका, ते ज्या काळात असतील तिथे तुम्ही जा, आणि एकट्यानं गाडा ओढू नका, माणसं बोलवा. मला हे कुणी तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्या पोरीला आमच्या दुपारच्या इफ्तारीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, चालतं गं, मीही केलंय, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा पत्रा चढवीन. फक्त शेजारणीला आधी सांगून ठेव. सगळे हसले. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही, ते इथे लिहिते.

ईद होऊन गेली, पावसाळा गेला. रोज्याची गोष्टही अम्मीच्या डोक्यातून हळूहळू निघून गेली आणि अब्बांनी पत्रा काढून टाकला. आता ती कुठल्याही वेळी जेवायची, कुणाच्याही हातून. खाला भरवायच्या, अब्बा भरवायचे, माहेरी आलेल्या बहिणी भरवायच्या, एकदा तर बोहारणीनं भरवलं. माझ्या हातून नाही. मी स्वयंपाक करायची, तिला न्हाऊ घालायची, तिची लुगडी धुवायची, आणि जेवायच्या वेळी ताट दुसऱ्याच्या हातात देऊन भिंतीमागे उभी राहायची. मी एकोणीस-वीस वर्षांची होते आणि माझी सगळी इच्छा एका घासापुरती उरली होती. रोज सकाळी मी एकदा चमचा पुढे करून बघायची. रोज ओठ मिटायचे.

मग एका सकाळी खाला लेकीकडे नांदगावला गेलेल्या होत्या आणि अब्बा तापानं आतल्या खोलीत पडले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी घोटीच्या तांदळाची पातळ पेज केली, निववली, आणि काही अपेक्षा न ठेवता चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं तोंड उघडलं. मी श्वास धरून दुसरा चमचा दिला, तिनं तोही घेतला. तिसरा, चौथा. पाचव्या चमच्याला पेज तिच्या हनुवटीवर सांडली, ती मी बोटानं पुसली, आणि तिनं ते बोट झटकलं नाही. मी हसत होते आणि रडत होते. मला वाटलं, माफ केलं हिनं मला.

वाटी अर्धी झाली तेव्हा ती थांबली. माझ्याकडे तिनं नीट, आदबीनं बघितलं, दारी आलेल्या नव्या बाईकडे बघावं तसं.

"कुनाची गं तू?"

"इथलीच," मी म्हटलं.

"चांगली हायेस," ती म्हणाली, आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं. मी तिला सगळी पेज भरवली. वाटी रिकामी झाली तेव्हा मला कळलं, की तिच्यात मी आता कुठेच उरले नव्हते, रागापुरतीसुद्धा नाही.